ओटीपोटाला रेडिएशन चालू असताना लघवीचा त्रास कमी कसा ठेवायचा?

पानगळ
गर्भाशयमुख, गर्भाशय, प्रोस्टेट, गुदाशय यांच्या कर्करोगात ओटीपोटाला पाच-सहा आठवडे रेडिएशन देतात. रुग्ण त्याला 'लाईट' म्हणतात, काही 'शेक' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लघवीला जळजळ, दर अर्ध्या तासाला जावंसं वाटणं, रात्री चार-पाच वेळा उठणं सुरू होतं.

रुग्णांच्या हातात द्यायला एक पानी मराठी सूचनापत्र तयार करतो आहे. जमवलेल्या कागदांवर तीन वाक्यं सगळीकडे आहेत: 'भरपूर पाणी प्या', 'मूत्राशय भरलेलं ठेवा', 'लघवी रोखून धरू नका'. साधा माणूस हे वाचून गोंधळणारच. शेवटची दोन तर उघड एकमेकांविरुद्ध आहेत.

इथे या क्षेत्रातली बरीच मंडळी आहेत. त्रास सुरू होण्याआधी काय करता येतं, किती आणि कसं, ते नेमकं सांगा. 'काळजी घ्या' असं मोघम नको.

डॉ_निरभ्र
तिन्ही वाक्यं बरोबर आहेत, फक्त ती दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांसाठी आहेत आणि कागदावर ते लिहिलेलं नसतं. मशीनवर जाण्याआधीचा साधारण एक तास लघवी धरायची. मशीनवरून उतरल्याबरोबर मोकळं व्हायचं. उरलेला दिवस पाणी पीत राहायचं आणि लघवी अडवायची नाही. एवढं लिहिलंत तरी अर्धा गोंधळ मिटेल.

आता त्रास का होतो ते. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर एक संरक्षक थर असतो, लघवीतली क्षारं आणि आम्ल तो खाली पोचू देत नाही. रेडिएशनने अस्तराच्या पेशींची झीज भरून येणं मंदावतं, थर विरळ होतो आणि लघवी सरळ खालच्या नाजूक भागाला लागते. म्हणून जळजळ, म्हणून थोडी लघवी साठली तरी घाई. हा तात्पुरता त्रास बहुतेकांचा उपचार संपल्यावर चार ते सहा आठवड्यांत ओसरतो. सहा महिन्यांनी किंवा काही वर्षांनी दिसणारा उशिराचा त्रास वेगळा, तिथे रक्तवाहिन्या आणि स्नायूंचं नुकसान असतं.

त्रास पूर्ण टाळता येतो असं कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. कमी नक्की ठेवता येतो.

लायनॅक_वाला
मशीनच्या बाजूने लिहितो. प्लॅनिंग सीटीच्या (उपचाराची योजना आखण्यासाठी आधी काढतात त्या स्कॅनच्या) दिवशी जे केलं तेच पंचवीस दिवस करायचं, हा सगळ्याचा पाया. सर्वसाधारण पद्धत अशी: आधी लघवी करून मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं. मग दहा-पंधरा मिनिटांत सुमारे 400 ते 500 मिली पाणी प्यायचं. मग 45 मिनिटं ते एक तास थांबायचं. प्रत्येक केंद्राचे आकडे थोडे वेगळे असतात, तुमच्या केंद्राचा आकडा हाच तुमचा आकडा.

यात चूक कुठे होते ते सांगतो, कारण कागदावर नेमकं तेच नसतं.

पहिली चूक 'दोन ग्लास' या शब्दात आहे. घरातलं फुलपात्र दीडशे मिलीचं, हॉटेलातला स्टीलचा ग्लास दोनशेचा, लस्सीचा उंच पेला तीनशेच्या वर. म्हणजे 'दोन ग्लास' तीनशेही होतात आणि सहाशेही. सूचनापत्रावर ग्लास हा शब्दच नको. अर्धा लिटरची एक बाटली ठरवायची, मार्कर पेनने रेघ मारायची आणि रोज त्याच रेघेपर्यंतचं पाणी प्यायचं.

दुसरी चूक घड्याळाची. वेळ पाणी पिऊन संपल्यापासून मोजायची. पुष्कळ जण घरून पाणी पिऊन निघतात, रिक्षात वीस मिनिटं, मग कुपन, मग रांग, आणि कधी प्यायलो ते आठवत नाही. बाटलीलाच चिठ्ठी चिकटवा आणि वेळ लिहा.

तिसरी, आधी मूत्राशय नीट रिकामं न करणं. घाईत उभ्याउभ्या केली की थोडी मागे राहू शकते. बसून करा, उठा, मिनिटभर थांबून परत प्रयत्न करा.

कळवळा
म्हणजे जितकं जास्त भरेल तितकं चांगलं ना? मग दीड लिटर का नाही पीत?

फिजिक्सवाली
कळवळा, नाही. हा गैरसमज फार घात करतो.

भरलेल्या मूत्राशयाचे दोन फायदे. ते लहान आतड्याची वेटोळी वर ढकलतं, आणि मूत्राशयाची भिंत ताणली जाऊन वरचा भाग जास्त डोसच्या पट्ट्यापासून लांब जातो. एवढं खरं. पण आम्ही योजना आखतो ती सीटीत दिसलेल्या आकारावर. त्या दिवशी कुणी हौसेने एक लिटर प्यायलं आणि 600 मिलीचं मूत्राशय दिसलं, तर ते तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कधीच भरणार नाही, कारण तोवर दोनशेलाच कळ यायला लागलेली असते. मग गर्भाशय खाली-पुढे सरकतं, आतडी खाली उतरतात आणि योजनेतलं चित्र नि प्रत्यक्ष पोट यांचा मेळ राहत नाही.

म्हणून 'आरामात भरलेलं' हवं. तासभर बसता येईल, बोलता येईल, घाम फुटणार नाही इतपत. साधारण 150 ते 300 मिली पुरे होतं. रोज सारखं असणं हे जास्त असण्यापेक्षा मोलाचं.

लायनॅक_वाला
+1. टेबलावर पाय थरथरत असतील, मांड्या घट्ट आवळल्या असतील, तर कंबर फिरते आणि आमच्या खुणा जुळत नाहीत. ज्यांच्याकडे कोन-बीम सीटी (मशीनवरच काढता येणारा सीटी) आहे तिथे दिसतं तरी. साध्या कोबाल्ट मशीनवर, म्हणजे आपल्याकडे अजून चालणाऱ्या भाभाट्रॉनसारख्या यंत्रांवर, रोजचा सीटी नसतो. तिथे रुग्णाची शिस्त हीच राखण.

फिजिक्सवाली
थोडी दुरुस्ती. कोबाल्टवर चार बाजूंनी पेटीसारखे झोत देतात तेव्हा मूत्राशयाचा बहुतेक भाग झोतात येतोच. तिथे भरलेल्या मूत्राशयाचा मुख्य फायदा आतड्याला. मूत्राशय स्वतः वाचतं ते आयएमआरटी, व्हीमॅट अशा पद्धतींत, जिथे डोसचा आकार लक्ष्याभोवती वळवता येतो. तरीही कोबाल्टवाल्या रुग्णाने नियम पाळायचाच, जुलाब कमी होणं ही काही लहान गोष्ट नाही.

लायनॅक_वाला
मान्य. मी दोन्ही एकात घातलं.

पानगळ
एक शंका. सगळ्यांनाच भरलेलं लागतं का?

डॉ_निरभ्र
नाही, आणि हे सूचनापत्रात ठळक हवं. मूत्राशयाच्याच कर्करोगात बहुधा रिकामं करून घेतात, म्हणजे लक्ष्य लहान राहतं. काही केंद्रं प्रोस्टेटसाठीही वेगळी पद्धत वापरतात. शेजारच्या बाकावरच्या माणसाला सांगितलेली सूचना आपल्याला लागू करायची नाही.

प्रोस्टेटवाल्यांसाठी आणखी एक: गुदाशय रिकामं हवं. गॅस किंवा मळ साचला की प्रोस्टेट पुढे सरकतं. बद्धकोष्ठ आहे असं आधी सांगा, त्यावर साधं औषध मिळतं. इसबगोल स्वतःच्या मनाने वाढवू नका, काहींना त्याने गॅस धरतो.

शुश्रूषा
सगळं ठीक, पण मूळ दुखणं वेगळंच आहे आणि ते कुणी बोलत नाही. बायका पाणी पीतच नाहीत.

एसटीने तीन तासांचा प्रवास, वाटेतल्या स्टँडवरच्या स्वच्छतागृहात पाय ठेववत नाही. लघवीला जावं लागू नये म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी बंद. धर्मशाळेत राहणाऱ्यांचंही तेच, मजल्यावर संडास एक आणि रांग मोठी. अशी कोरडी पडलेली बाई दवाखान्यात येऊन अर्धा लिटर पिते. ते पाणी आधी शरीर शोषून घेतं, तासाभरात मूत्राशयात शंभर मिलीही जमत नाही. मशीनवाले म्हणतात 'अजून प्या, अजून थांबा'. ती बिचारी ओशाळते, तिला वाटतं आपलंच चुकलं.

शिवाय दिवसभर घट्ट, पिवळीजर्द लघवी त्या सोललेल्या अस्तरावरून जाते. जळजळ दुप्पट. मग ती जळते म्हणून आणखी कमी पाणी. हे चक्र दुसऱ्या आठवड्याच्या आत तोडलं नाही तर पुढे अवघड जातं.

काय करायचं: सकाळी उठल्यापासून दर तासाला साधारण एक कप, घोटघोट. दिवसभरात दोन ते अडीच लिटर, त्यातलं जास्त संध्याकाळी सहाच्या आत. रंग पाहायचा: लिंबू सरबतासारखा फिका म्हणजे बरोबर, चहासारखा म्हणजे कमी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.

आणि प्रवासासाठी वाटेतलं ठरलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह आधीच हेरून ठेवायचं. सोबतच्या माणसाला ते माहीत असू द्या. मुलगा किंवा दीर सोबत असेल तर बाई तोंड उघडून सांगत नाही. शक्य असेल तर सोबत बाईमाणूस पाठवा.

कळवळा
शुश्रूषाताई, हे आधी कुठेच वाचलं नव्हतं.

पानगळ
ताई, हा मुद्दा पहिल्या तीन ओळींत घालतो.

मुतखडा_तज्ज्ञ
'टाळायचं' तर सुरुवात पहिल्या लाईटच्या आधीच व्हायला हवी. मूत्रमार्गाच्या बाजूने यादी:

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) आधी. लपलेला जंतुसंसर्ग असताना रेडिएशन सुरू केलं तर जळजळ लवकर आणि जास्त. नमुना नीट द्या: जागा साध्या पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार निर्जंतुक डबीत धरायची, तास-दीड तासात लॅबला पोचवायची. घरी गोळा करून दुपारपर्यंत पिशवीत फिरलेल्या डबीच्या कल्चरला अर्थ राहत नाही.

पुरुषांत लघवी केल्यावर मागे किती उरते ते सोनोग्राफीत बघतातच, पण अहवालातला तो आकडा वाचायचा राहून जातो. दीडशे-दोनशे मिली उरत असेल तर आधी त्याची सोय करा. रेडिएशनने प्रोस्टेट सुरुवातीला सुजते, तेव्हा अशा माणसाची लघवी तुंबण्याची भीती असते.

प्रोस्टेटची दुर्बिणीची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर काही आठवडे ते तीन महिने थांबून रेडिएशन देतात. जखम भरू द्यावी लागते. ही तारीख सगळ्यांना सांगा, फाईल बदलली की ती हरवते.

साखर ताब्यात ठेवा. लघवीत साखर म्हणजे जंतूंना खाऊ.

औषधी_पेटी
साखरेवरून एक महत्त्वाचं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात. त्याने लघवी वाढते, मूत्राशय ठरलेल्या वेळेआधी भरतं आणि जननेंद्रियावर बुरशी येऊ शकते. ती बुरशीची आग रेडिएशनची समजून महिनाभर लघवीच्या जळजळीचं सिरप पाजलं जातं. फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड या पाणी काढणाऱ्या गोळ्यांनीही लघवी वाढते. बीपीच्या कितीतरी गोळ्यांत दुसरं औषध म्हणून हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं.

गोळी स्वतः बंद करू नका. प्लॅनिंगच्या दिवशी सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून न्या आणि विचारा, 'ही सकाळची गोळी लाईटनंतर घेतली तर चालेल का?'

डॉ_निरभ्र
यात सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाचा दिवसही धरा. गर्भाशयमुखाच्या उपचारात आठवड्यातून एकदा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 40 मिग्रॅ सिस्प्लॅटिन देतात, सोबत सलाईन आणि बऱ्याचदा लघवी वाढवणारं मॅनिटॉल. त्या दिवशी मूत्राशय वीस मिनिटांत भरतं. बाटलीचा नियम त्या दिवशी लागू नाही. सलाईननंतर लाईट असेल तर मशीनवाल्यांना आल्याआल्या सांगा, ते लवकर घेतील किंवा एकदा मोकळं करून थोडाच वेळ थांबवतील.

आणि सिस्प्लॅटिन चालू असताना जळजळीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका. दोन्ही मिळून मूत्रपिंड बिघडतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही ताप मोजून झाल्यावर. ताप झाकला जाऊ नये.

जठराग्नी
आहाराबद्दल. मूत्राशयाला चिडवणारे पदार्थ: चहा, कॉफी, कोला, दारू, फार तिखट रस्से. आपल्याकडे रोजचा प्रश्न चहाचा. दिवसाला सहा कप पिणाऱ्याला 'बंद करा' म्हटलं तर तो ऐकत नाही आणि डोकं दुखतं ते वेगळंच. दोन कपांवर आणा, दुपारी चारनंतर नको. एकदम नाही, आठवडाभरात. हे रेडिएशन सुरू होण्याआधीच्या आठवड्यात केलं तर उत्तम.

तंबाखू आणि मिश्री सोडाच. धूम्रपान करणाऱ्यांत रेडिएशननंतरचे मूत्राशयाचे उशिराचे त्रास जास्त दिसतात.

लिंबू, कोकम, आवळा यांवर सरसकट बंदी नको. ज्यांना आंबटाने जळजळ वाढते त्यांनी थांबवावं. बाकीच्यांना कोकमाच्या पाण्याने पाणी पोटात जातं, तेच मोठं काम. मात्र व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या नकोत.

वैद्य_कोकणी
धन्याजिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी आणि शहाळं यांचा उल्लेख कसा नाही? मूत्रदाहात हे पिढ्यान्पिढ्या चालत आलं आहे. गोखरूचा काढाही.

औषधी_पेटी
वैद्यबुवा, धने आणि जव यांना हरकत नाही. रात्री एक चमचा धने पेलाभर पाण्यात भिजवून सकाळी गाळून प्यायले तर ते पाणीच आहे, चव बदलल्यामुळे जातं तरी. शहाळ्यात पोटॅशियम बरंच असतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेल्या माणसाला ते भारी पडतं, आणि सिस्प्लॅटिनवर क्रिएटिनिन वाढू शकतं. दर आठवड्याला रक्त तपासतात तो आकडा बघून ठरवा.

गोखरू-पुनर्नवाच्या काढ्याबद्दल मात्र माझा विरोध आहे. मूत्रल द्रव्य आणि मूत्रपिंडाला जड जाणारं किमोचं औषध एकाच वेळी, त्यात घरगुती काढ्याची मात्रा मोजलेली नसते.

वैद्य_कोकणी
किमो चालू असताना काढा नको, हे पटतं. धन्याचं पाणी मात्र पत्रकात ठेवा. खेड्यातल्या बाईला 'अडीच लिटर पाणी' म्हटलं तर दडपण येतं. 'सकाळी धन्याचं पाणी, दुपारी पातळ ताक, संध्याकाळी भाताची पेज' म्हटलं की ती ते सहज करते.

जठराग्नी
पूर्ण सहमत. पेज, ताक, वरणाचं पाणी हे सगळं अडीच लिटरात मोजायचं. जुलाब चालू असतील तर ताक सोसतं का ते बघून.

पानगळ
क्रॅनबेरीबद्दल फार विचारणा होते. महाग बाटल्या विकत घेतात लोक.

मुतखडा_तज्ज्ञ
रेडिएशनच्या रुग्णांवर क्रॅनबेरीच्या लहान चाचण्या झाल्या आहेत, निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. एवढ्या पुराव्यावर गरीब माणसाने खर्च करावा असं मी म्हणणार नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

टॅमसुलोसिनबद्दलही लिहितो. प्रोस्टेटच्या रुग्णाला धार मंद असेल तर 0.4 मिग्रॅ रात्री जेवणानंतर सुरू करतात, काही डॉक्टर रेडिएशनच्या आधीपासूनच. धार सुधारते, रात्रीचं उठणं थोडं कमी होतं. पहिले काही दिवस अंथरुणातून उठताना आधी काठावर मिनिटभर बसायचं, बीपी उतरून चक्कर येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी सांगायलाच हवी.

घाई कमी करणाऱ्या सॉलिफेनॅसिन, ऑक्सिब्युटिनिन यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो आणि मागे लघवी उरत असेल तर तुंबते. म्हणून आधी उरलेली लघवी मोजा, मग गोळी.

शुश्रूषा
'लघवीला आग होते' असं रुग्ण म्हणाली की मी आधी एकच प्रश्न विचारते: आग आत होते की बाहेर?

आत म्हणजे धार चालू असताना, विशेषतः शेवटी, ओटीपोटात कळ. ते मूत्राशय. बाहेर म्हणजे लघवी कातडीला लागल्यावर चरचरणं. ते बाहेरच्या सोललेल्या कातडीचं, तिथे सिरपचा उपयोग शून्य.

बाहेरच्या आगीसाठी: लघवी करतानाच तांब्याने कोमट पाणी ओतत राहायचं, म्हणजे लघवी पातळ होऊन वाहून जाते. पुसायचं नाही, मऊ सुती कापडाने टिपायचं. साबण, डेटॉल, पावडर, हळद, तूप काही नको. आतले कपडे सुती आणि सैल, घरी असताना नुसता परकर बरा. दवाखान्यातून मिळालेलं मलम लावायचं, पण लाईटच्या आधी जाड थर नको. पांढरा दह्यासारखा स्राव आणि खाज असेल तर बुरशी, त्याला वेगळं औषध.

फिजिओ_मृणाल
घाई येते तेव्हा धावू नका. धावलं की पोटाचा दाब वाढतो आणि थेंब सुटतात. जागीच थांबा किंवा कडक खुर्चीवर बसा, खालचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा, दोन श्वास घ्या. लाट ओसरते, मग चालत जा. मशीनबाहेर वाट बघतानाही हे उपयोगी. रेडिएशनच्या आधी दोन आठवडे शिकून ठेवा. दुखत असताना नवीन व्यायाम जमत नाही.

लघवी चालू असताना मध्येच धार तोडून सराव करू नका. मूत्राशय अर्धवट रिकामं राहतं.

अर्धविराम
थोडं अवांतर: 'लाईट' हा शब्द पत्रकात ठेवू नका. 'किरणोपचार' लिहा. लाईट म्हटलं की बल्बचा शेक वाटतो.

शुश्रूषा
अर्धविराम, पत्रक ज्याच्यासाठी आहे त्याला 'किरणोपचार' म्हणजे काय हे विचारावं लागतं. 'लाईट' ठेवा आणि शेजारी रेडिएशन लिहा.

अर्धविराम
बरं. धाग्यात इतक्या शंका आल्या आहेत की याला लघुशंका म्हणवत नाही, पण एक माझीही. मशीन बंद पडलं किंवा रांग लांबली तर? पाणी तर पिऊन झालेलं असतं.

लायनॅक_वाला
चांगला प्रश्न, हे वारंवार होतं. गप्प बसून सोसू नका. खिडकीवर सांगा, 'मी अमुक वाजता पाणी संपवलंय, किती वेळ लागेल?' अर्ध्या तासाहून जास्त लागणार असेल तर पूर्ण मोकळं व्हा आणि नंबर जवळ आला की पुन्हा बाटलीपासून सुरुवात करा. दुसऱ्या खेपेला शरीरात पाणी पुरेसं असतं, मूत्राशय लवकर भरतं, त्यामुळे थांबायचा वेळ थोडा कमी. ते आम्हीच सांगतो. 'थोडीशी करून येतो' हे मात्र बहुतेकांना जमत नाही, सगळी होते आणि मग ते सांगत नाहीत. सांगा. रागावणार नाही कुणी, आणि रागावलं तरी सांगा.

तिसऱ्या आठवड्यापासून तेवढं धरवत नसेल तर तेही सांगा. डॉक्टर आणि फिजिसिस्ट मिळून पाण्याचं माप कमी करतात, गरज पडली तर नवीन सीटी काढून योजना बदलतात.

फिजिक्सवाली
योजनेवरूनच. आकडे विचारणाऱ्यांसाठी: प्रोस्टेटला रोज 2 ग्रेच्या (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) आसपास देताना वापरली जाणारी परिचित मर्यादा अशी: 65 ग्रे मूत्राशयाच्या निम्म्याहून जास्त भागाला नको, 70 ग्रे 35 टक्क्यांहून, 75 ग्रे 25 टक्क्यांहून, 80 ग्रे 15 टक्क्यांहून जास्त भागाला नको. हे आकडे घेऊन 20 दिवसांत 60 ग्रेच्या योजनेशी ताडू नका. तिथे रोजचा डोस 3 ग्रे, मर्यादा वेगळ्या.

कळवळा
ते महागडं जेल टोचतात ना प्रोस्टेटमागे? त्याने मूत्राशय वाचतं का?

फिजिक्सवाली
ते प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यामध्ये असतं. फायदा गुदाशयाला. मूत्राशय वरच्या बाजूला, मूत्रमार्ग तर प्रोस्टेटच्या पोटातूनच जातो. लघवीच्या त्रासासाठी म्हणून त्यावर खर्च करू नये. मूत्रमार्गाला फरक पडतो तो लक्ष्याभोवतीची कड, म्हणजे नेम थोडा हलला तरी चुकू नये म्हणून धरलेली जास्तीची जागा, कमी ठेवता आली की. अमेरिकेतल्या मिराज चाचणीत पाच दिवसांच्या प्रोस्टेट उपचारात सीटीऐवजी एमआरआयच्या मार्गदर्शनाने ही कड 4 मिमीवरून 2 मिमी केली, तेव्हा लघवीचे मध्यम किंवा त्याहून तीव्र तात्पुरते त्रास 43 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर आले. ते यंत्र सगळीकडे नाही. पण मूत्राशय आणि गुदाशय रोज सारखं असेल तर साध्या यंत्रावरही कड आटोक्यात ठेवता येते.

डॉ_निरभ्र
गर्भाशयमुखात पुढची पायरी राहिली, ब्रेकीथेरपी, म्हणजे नळीतून रेडिएशनचा स्रोत शरीराच्या आत ठेवून दिलेला उपचार, ज्याला 'आतला लाईट' म्हणतात. बाहेरच्या पाच आठवड्यांनंतर ती येते आणि सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं. लघवीच्या जळजळीला कंटाळून मध्ये आठवडाभर घरी बसणं हे सगळ्यांत मोठं नुकसान. गाठीला सावरायला वेळ मिळतो.

ब्रेकीथेरपीत मूत्राशय अगदी शेजारी असतं. नळी आत ठेवल्यावर पुढे-मागे गॉजची घट्ट घडी भरतात, ती मूत्राशयाला आणि गुदाशयाला स्रोतापासून लांब ढकलते. रुग्णाला ती नकोशी वाटते, पण संरक्षण तिचंच. लघवीची नळीही असते. ती काढल्यावर एक-दोन दिवस जळजळ होते, त्या दिवशी पाणी वाढवायचं. सहा तासांत लघवी झालीच नाही तर कळवायचं.

मुतखडा_तज्ज्ञ
घरी थांबायचं नाही अशी लक्षणं एकत्र लिहितो, पत्रकात चौकटीत घाला. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, विशेषतः किमो चालू असताना. थंडी वाजणं, पाठीत एका बाजूला दुखणं. लघवीत रक्ताच्या गुठळ्या. सहा ते आठ तास लघवीच नाही आणि ओटीपोट फुगलेलं. बायकांत योनीमार्गातून सतत लघवी झिरपणं.

आणि अँटिबायोटिक दुकानातून घेऊ नका. रेडिएशनमध्ये लघवीच्या साध्या तपासणीत पस सेल (पूच्या पेशी) जंतू नसतानाही वाढलेले दिसतात. कल्चरशिवाय गोळ्या घेतल्या की खरा संसर्ग होईल तेव्हा त्या लागू पडत नाहीत.

कळवळा
आणि दोन-तीन वर्षांनी लाल लघवी झाली तर?

मुतखडा_तज्ज्ञ
लगेच मूत्रविकार तज्ज्ञाकडे, आणि पूर्वी ओटीपोटाला रेडिएशन झालंय हे पहिल्या वाक्यात सांगा. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. रेडिएशन झालेल्या मूत्राशयाचा तुकडा विनाकारण काढला तर जखम भरत नाही. दुर्बिणीने बघणाऱ्याला हे माहीत हवं.

पानगळ
सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रकाचा पहिला भाग असा केला आहे, चुका काढा:

'तुमच्या डॉक्टरांनी मूत्राशय भरून यायला सांगितलं असेल तरच पुढचं वाचा. 1) बसून लघवी पूर्ण करा. 2) खूण केलेल्या बाटलीतलं पाणी पंधरा मिनिटांत प्या. 3) पाणी संपल्याची वेळ लिहा. 4) सांगितलेला वेळ थांबा. 5) उशीर होत असेल तर खिडकीवर सांगा. 6) लाईट झाल्यावर लगेच मोकळे व्हा. दिवसभर: दर तासाला एक कप पाणी, ताक किंवा पेज. लघवी फिकी दिसली पाहिजे. प्रवास आहे म्हणून पाणी बंद करू नका.'

शुश्रूषा
शेवटचं वाक्य सगळ्यांत वर घ्या. आणि 'प्रवास आहे म्हणून' याच्या जागी 'वाटेत संडास नाही म्हणून' लिहा. प्रवास म्हटलं की वाचणारीला ते आपल्याबद्दल आहे हे कळत नाही.

लायनॅक_वाला
चौथ्या मुद्द्यात '____ मिनिटे' अशी मोकळी जागा ठेवा. दुसऱ्यातही '____ मिली'. प्लॅनिंगच्या दिवशी आम्ही पेनने भरून देऊ.

डॉ_निरभ्र
सिस्प्लॅटिनच्या दिवसासाठी एक ओळ: 'सलाईन लागलं असेल त्या दिवशी पाणी पिण्याआधी मशीनवर विचारा.'

वैद्य_कोकणी
आणि धन्याचं पाणी?

पानगळ
घातलं, वैद्यबुवा. ताकाच्या आधी.